खाण काठावरून तरी बघू द्या

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ऑस्ट्रेलियाच्या सहलीवर पानभर मजकूर आला होता. सिडनीचं ऑपेरा हाऊस, मेलबर्नच्या ट्राम, पेंग्विन, कांगारूच्या पिल्लाला कुरवाळणारी जोडपी. छानच आहे सगळं, पण ते समुद्राकाठचं झालं. विदर्भातल्या माणसानं, त्यातही ज्याच्या घरातलं कुणी ना कुणी खाणीत राबलंय अशा माणसानं, त्या देशात बघावं असं गाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. कालगुर्ली त्याचं नाव. सोन्याचं गाव, आणि उन्हाचंही. मी यंदाच्या जानेवारीत तिथे जाऊन आले. तेव्हापासून डोक्यात घोळतंय की आपल्याकडची खाणही लोकांना काठावरून बघता यावी, तेच नागपूरकरांपुढे मांडावं म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री चालवा, पण शेवटचा, नागपूरच्या खाणींचा भाग तेवढा कापू नका.

आधी माझी ओळख सांगते, कारण तिच्याशिवाय पुढचं समजायचं नाही. मी ट्रेसर होते. नागपूर जिल्ह्यातल्या एका कोळसा खाणीच्या सर्व्हे ऑफिसात माझी सगळी नोकरी गेली. सर्व्हेअर खाली जाऊन मोजमाप करून येतो, त्याच्या फील्डबुकातले आकडे नकाशावर चढतात आणि तो नकाशा ट्रेसिंग क्लॉथवर शाईनं हुबेहूब उतरवायचा, हे आमचं काम. गॅलऱ्या म्हणजे बोगदे, छताला आधार म्हणून सोडलेले कोळशाचे पिलर, फॉल्टची म्हणजे थर जिथे तुटून सरकलाय तिथली रेघ, कोळसा काढून छत पाडलेला गोफ, पाणी साचलेली जुनी कामं, सगळं. मग त्याचे अमोनिया प्रिंट निघायचे. त्या वासानं डोळे असे झोंबायचे की प्रिंटच्या दिवशी मी डबासुद्धा बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसून खायची. माझे मिस्टर त्याच खाणीत ओव्हरमन, म्हणजे पाळीवर देखरेख करणारे. पाळी संपवून घरी आले की सांगायचे, 'आज अमुक डिपला छत बोलत होतं.' म्हणजे वरच्या दगडातून तडतड ऐकू येत होती. तो डिप, म्हणजे उताराकडे गेलेला बोगदा, कुठे, त्याला लागून कोणता पिलर, फॉल्ट किती मीटरवर, मला सगळं तोंडपाठ. पाहिलेलं मात्र काहीच नाही. खाण कायदा १९५२ चा, आणि त्याच्या कलम ४६ नुसार बाईला जमिनीखाली कामाला मनाई. उघड्या खाणीत चालेल, पण सकाळी ६ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळात. आणि ऑफिसातल्या बाईला नुसतं बघायला म्हणून खाली कोण नेणार? २०१९ मध्ये सरकारनं ही बंधनं सैल केली, तोवर मी निवृत्त झाले होते.

मुलगी-जावई पर्थला असतात. त्यांनी आमच्यासाठी समुद्र, बाग, डॉल्फिन असा कार्यक्रम आखला होता. मी कालगुर्लीचा हट्ट धरला. जावई म्हणाले, 'आई, जानेवारीत तिकडे कोणी जात नाही, तिथे भर उन्हाळा असतो.' त्यावर आमचे मिस्टर, मूळचे काटोलकडचे, फुरफुरले. 'आपल्याले काय ऊन दाखवतेत हे!' झालं, निघालो.

पर्थहून कालगुर्ली सहाशे किलोमीटरच्या आसपास. प्रॉस्पेक्टर नावाची रेल्वे सात तासांच्या आत पोचवते, पण आम्ही कारनं गेलो ते बरंच झालं. खरी बघण्याची गोष्ट रस्त्याच्या कडेनं आपल्याबरोबर धावत असते. एक नळ. जमिनीवरून जाणारा जाडजूड लोखंडी नळ, कधी रस्त्याच्या डावीकडे, कधी उजवीकडे, मैलोन् मैल. आधी गव्हाची शेतं, मग विरळ झाडी, मग लाल माती आणि खुरटी झुडपं. नळ आहेच.

त्याची कथा अशी. कूलगार्डीला १८९२ मध्ये सोनं सापडलं आणि पुढच्याच वर्षी जूनमध्ये पॅडी हॅनन आणि त्याचे दोन आयरिश साथीदार, फ्लॅनगन आणि शे, यांना आजच्या कालगुर्लीच्या जागी सोनं मिळालं. हजारो माणसं धावली. सोनं होतं, पाणी नव्हतं. जमिनीखालचं पाणी खारट, पाऊस वर्षाला जेमतेम अडीचशे-तीनशे मिलिमीटर. खारट पाणी लाकडाच्या जाळावर उकळून वाफ थंड करायची आणि ते पाणी विकत घ्यायचं. आंघोळीचं तर नावच नको. टायफॉइडनं माणसं पटापट गेली, कूलगार्डीच्या कब्रस्तानात त्यांच्या कबरी आहेत. तेव्हा सी. वाय. ओ'कॉनर नावाच्या सरकारी इंजिनिअरनं योजना मांडली. पर्थजवळच्या डोंगरात मंडारिंगला धरण बांधायचं आणि तिथलं पाणी वाफेच्या पंपांनी चढावर ढकलत थेट सोन्याच्या गावात न्यायचं. आठ पंपिंग स्टेशनं, रोजचं पन्नास लाख गॅलन पाणी, नळाची लांबी सुमारे साडेपाचशे किलोमीटर. आपल्या समृद्धी महामार्गावर मोजायचं तर नागपूरहून शिर्डीच्याही पुढे. आणि हे कधी? शंभर वर्षांहून जास्त झाली.

लोकांनी ओ'कॉनरला वेड्यात काढलं. पर्थच्या वर्तमानपत्रांतून त्याच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप झाले, वैयक्तिक राळ उडवली गेली. (संपादक महोदय, आपल्या व्यवसायाला लागेल असं लिहितेय, पण घडलं ते घडलं.) १० मार्च १९०२ ला त्यानं समुद्रकिनाऱ्यावर स्वतःवर गोळी झाडून घेतली. योजना पूर्ण व्हायला तेव्हा वर्षही उरलं नव्हतं. २४ जानेवारी १९०३ ला कालगुर्लीत पाणी पोचल्याचा समारंभ झाला. त्या गावाला पाणी आजही मंडारिंगहूनच येतं. माउंट शार्लट नावाच्या टेकाडावर त्याची टाकी आहे. संध्याकाळी लोक तिथे चढून वारा खात बसतात.

मला तिथे बसल्या बसल्या हसू आलं. आमच्या खाणीत सगळा जीव पाणी बाहेर काढण्यात जायचा. पंप रात्रंदिवस चालू. पंपखलाशी दांडी मारून गेला तर मॅनेजर स्वतः फोन फिरवायचे, कारण पाणी चढलं तर सेक्शन बुडाला. आणि इथे खाण चालावी म्हणून अर्धा मुलूख ओलांडून पाणी आणलं. खाणीचं पाणीही काही कमी प्रतीचं नसतं म्हणा. वेकोलिनं, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सनं, पाटणसावंगीला ते शुद्ध करून 'कोल नीर' नावानं बाटलीत भरलं, ते बऱ्याच नागपूरकरांना ठाऊक नसेल.

आता ऊन. नागपूरकराला उन्हाचं कौतुक सांगू नये हे मला मान्य. २०१३ च्या मे महिन्यात आपल्याकडे ४७.९ अंश झालं होतं, त्यात मी ऑफिसात जाऊन आलेली बाई आहे, डोक्याला शेला आणि पर्समध्ये कांदा. कालगुर्लीचं जानेवारीचं सरासरी कमाल तापमान ३३-३४ अंशच असतं, पण मधूनच चाळिशी ओलांडते. आम्ही पोचलो त्या दिवशी ४३ होतं. हवा आपल्या मे महिन्यासारखीच कोरडी, सावलीत उभं राहिलं की जीव हायसा होतो. फरक उन्हात. तिथलं ऊन थेट चामडीला लागतं. त्वचेच्या कॅन्सरचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त असलेल्या देशांत तो देश मोडतो, त्यामुळे हवामानाच्या बातमीत तापमानाबरोबर अतिनील किरणांचा आकडा सांगतात आणि शाळेतली पोरंसुद्धा मानेवर फडकं लोंबणाऱ्या टोप्या घालतात. दुसरी गोष्ट माश्या. बारक्या, चिवट. घामाला आणि डोळ्यांतल्या पाण्याला सोकावलेल्या. टोपीवरून चेहऱ्यावर सोडायची जाळी मिळते. मिस्टरांनी ती घालायला साफ नकार दिला, मधमाश्या पाळणाऱ्यासारखं दिसतं म्हणून. अर्ध्या तासात त्यांनी माझी काढून घेतली. तिसरी गोष्ट चांगली. रात्र थंड होते, अंगावर चादर लागते. आपल्या मे महिन्यातल्या रात्री कूलरसमोर खाट लावूनही कूस बदलत राहावं लागतं, तसं तिथे नाही.

गावातला मुख्य रस्ता हॅनन स्ट्रीट. एवढा रुंद की दोन्ही बाजूंना गाड्या लागून मध्ये मिरवणूक जाईल. उंटांच्या तांड्यांना वळायला जागा हवी म्हणून असे रस्ते ठेवल्याचं सांगतात. उंट हाकणाऱ्यांना तिथे सरसकट 'अफगाण' म्हणत, पण त्यांतले बरेचसे पंजाब, सिंध, बलुचिस्तानातले, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानातले. नळ आणि रेल्वे येईपर्यंत सामान, धान्य, पाणी त्यांच्याच उंटांवरून यायचं. रस्त्याच्या कडेला जुनी हॉटेलं आहेत, वरच्या मजल्यावर लाकडी सज्जे, १८९० च्या दशकातली. पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला हर्बर्ट हूव्हर तरुणपणी या भागातल्या सोनखाणींत इंजिनिअर होता. त्याची एक-दोन प्रेमकहाणीवजा गोष्टही तिथे सांगतात, ती सोडून देऊ. मला हॅननचा पुतळा आवडला. सोनं शोधणारा माणूस बसलाय आणि हातात पाण्याची पिशवी. त्या पिशवीतून खरोखरीचं पाणी येतं, पिता येतं. मी प्यायले.

आणखी एक सांगतात. सुरुवातीला खाणवाल्यांना पिवळट धातूसारखा एक दगड मिळे. तो बिनकामाचा समजून रस्त्यांत, खड्ड्यांत भर म्हणून टाकला. पुढे कळलं की तो टेल्युराइड आहे, त्यात सोनं आहे. मग लोकांनी रस्ते उकरले. खरं-खोटं किती ते माहीत नाही, पण टेल्युराइडचं सोनं तिथे होतं हे पक्कं, आणि म्हणूनच तिथल्या एका पट्ट्याला गोल्डन माईल म्हणतात.

त्या गोल्डन माईलवरच आज सुपर पिट आहे. बोल्डर नावाचं जोडगाव, आणि त्याच्या घरांच्या रांगा संपतात न संपतात तोच एक पाटी, थोडा चढ, गाड्या लावायला जागा, पुढे छप्पर आणि जाळी. तिकीट नाही, नोंदणी नाही, ओळखपत्र नाही. जाळीजवळ गेलं की खाली खाण.

साडेतीन किलोमीटर लांब, दीड किलोमीटर रुंद, सहाशे मीटरच्या वर खोल. ओबीचे, म्हणजे खनिजावरच्या माती-दगडाचे, पायऱ्यांसारखे बेंच एकाखाली एक, तांबडे, पिवळे, खाली करडे होत गेलेले. हॉल रोड वळत वळत वर येतो आणि त्यावरचे ट्रक मुंगीएवढे दिसतात, ते प्रत्येकी सव्वादोनशे टन माल घेऊन चाललेले असतात. आमच्याकडे साठ टनी, शंभर टनी डंपर पाहिलेले, त्यामुळे मिस्टरांना विश्वास बसेना. टन दगडात सोनं किती, तर दोन ग्रॅमच्या आसपास. म्हणजे आपल्या दहा ग्रॅमच्या तोळ्यासाठी पाच टन दगड फोडायचा, दळायचा, सायनाइडनं धुवायचा. खनिजाचा भरलेला अख्खा ट्रक घेतला तरी पंचेचाळीस तोळे. इतवारी सराफ्यात घडणावळीवरून घासाघीस करताना हे आठवलं की माणूस गप्प बसेल.

मी मात्र भिंतीकडे बघत होते. त्या भिंतीत मधूनच चौकोनी काळी भोकं दिसतात. जुन्या खाणींचे बोगदे. एकेकाळी त्या एका मैलात कितीतरी कंपन्यांच्या वेगवेगळ्या खाणी होत्या, प्रत्येकीचं चानक, म्हणजे खाली उतरायची उभी विहीर, वेगळं, बोगदे वेगळे. १९८० च्या दशकात अ‍ॅलन बॉन्ड नावाच्या उद्योगपतीनं त्या विकत घेऊन एक करायला सुरुवात केली. त्याला तडीस नेता आलं नाही, पण १९८९ मध्ये सगळ्यांची मिळून एक कंपनी झाली आणि वरून खोदत खोदत ते सगळं जुनं जाळं पोटात घेत ही उघडी खाण वाढली. आज ती नॉर्दर्न स्टारकडे आहे. म्हणजे डंपर ज्या बेंचवर उभा आहे, त्याच्याखाली शंभर वर्षांपूर्वीची पोकळी असू शकते. ती कशी ओळखायची? जुने नकाशे काढायचे आणि नकाशानं दाखवलेल्या जागी आधी ड्रिल मारून बघायचं.

तिथे उभ्या उभ्या माझ्या अंगावर काटा आला, तो खोलीमुळे नव्हे. कुणीतरी, १९०५ मध्ये म्हणा की १९२० मध्ये, टेबलावर वाकून त्या बोगद्याची रेघ शाईनं ओढली असेल. ती रेघ चार मीटर सरकली असती तर? आमच्या क्षेत्रात याची शिकवण वेगळी द्यावी लागत नाही. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळ चासनाला खाणीत जुन्या कामातलं पाणी फुटून आत घुसलं, ३७५ माणसं गेली. म्हणून पाणी साचलेल्या जुन्या कामापासून साठ मीटरच्या आत पाऊल टाकायचं तर खास परवानगी आणि आधी बोअर, हा नियम. ती साठ मीटरची लाल रेघ मी कितीदा काढली असेल. सर्व्हेअर साहेब भिंग घेऊन तपासायचे. रेघ जाड आली तर शाई वस्तऱ्याच्या पात्यानं खरवडून परत काढायला लावायचे. तेव्हा राग यायचा. नागपूरपासून इतक्या दूर, एका परक्या खाणीच्या जाळीला टेकून मी नवऱ्याला म्हटलं, 'बघा, हे असं दिसतं.' ते म्हणाले, 'आमच्या खाणीत एवढा उजेड कुठं होता गं, आम्हालेही कुठं दिसत होतं.'

जाळीजवळ माहितीच्या पाट्या आहेत. खाण कशी वाढली, दगडातून सोनं कसं निघतं. ब्लास्टिंग कधी होणार तेही कंपनी आधी कळवते, तेव्हा लोक मुलाबाळांना घेऊन येतात. आम्हाला एक ब्लास्ट दिसला. आधी धूळ उठली, आवाज मागाहून आला, पायाखाली किंचित थरथर. आमच्या नातीनं टाळ्या वाजवल्या.

परत येताना पेट्रोल पंपावर चमकदार पट्ट्यांचा शर्ट घातलेली एक पोरगी दिसली, पंचविशीची असेल. मुलीनं बोलतं केलं. ती हाच सव्वादोनशे टनी ट्रक चालवते. बारा तासांची पाळी, रात्रपाळीसुद्धा. तिला त्यात विशेष काही वाटत नव्हतं, आम्ही विचारतोय याचंच नवल वाटत होतं. मिस्टरांनी तिला माझ्याकडे बोट दाखवून सांगायला लावलं की ही खाणीचे नकाशे काढायची. तर तिनं विचारलं, 'मग तुम्ही खाली किती खोल गेलात?' जावयांनी भाषांतर केलं नाही, पण एवढं इंग्रजी मला येतं.

तिथे सगळं सोन्यासारखंच आहे असं मी म्हणत नाही. गावाच्या अगदी कुशीत खाण, त्यामुळे धूळ आणि हादरे घराघरांत. गिडजीला खनिज भाजायची भट्टी होती, तिचा गंधकाचा धूर वर्षानुवर्षं त्या भागानं सोसला. ती २०१५ मध्ये बंद झाली. २०१८ मध्ये खाणीची पूर्वेकडची भिंत ढासळली. आणि सगळ्यात आधीचं म्हणजे ती जमीन तिथल्या आदिवासींची, वांगकाथा लोकांची. खडकातल्या ज्या नैसर्गिक खळग्यांतल्या पाण्यावर ते पिढ्यान् पिढ्या जगले, त्यांवर सोनं शोधणाऱ्यांचे घोडे आणि उंट तुटून पडले. खाण म्हटली की कोणाचं तरी पाणी आणि कोणाची तरी जमीन जातेच. आपल्याकडे उमरेड, कन्हान, चंद्रपूरकडे प्रकल्पग्रस्तांना हे सांगायला माझी गरज नाही.

पण लपवलेलं नाही. माझा मुद्दा हाच. चांगलं-वाईट जे आहे ते काठावर येऊन कोणीही बघू शकतो. भिंत ढासळली तर तेही दिसतं, धूळ उडते तेही दिसतं.

आता नागपूर. देशातल्या खाणींची निम्मी फाइल या शहरात आहे असं म्हटलं तर फार चुकणार नाही. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये, वेकोलिचंही सिव्हिल लाइन्समध्ये, मँगनीज काढणाऱ्या मॉइलचं काटोल रोडवर, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय सेमिनरी हिल्सवर. मॉइलचा मूळ पुरुष, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट, १८९६ चा, म्हणजे कालगुर्लीच्या सोन्याचा जवळपास समवयस्क. कामठी, सिल्लेवाडा, सावनेर, उमरेड, गोंडेगाव, कोळसा आपल्या चारी अंगांना. मनसर, कांद्री, गुमगावला मँगनीज. आपली वीज त्याच कोळशावर. आणि नागपुरातल्या एखाद्या चांगल्या शाळेतल्या आठवीच्या पोराला विचारा, खाण पाहिलीस का? उमरेड रोडनं जाताना खिडकीतून ओबीचे ढीग दिसतात, त्यांवर बाभळी आणि गवत माजलंय. माझ्या भाच्याचा मुलगा विचारत होता, 'आजी, हा कोणता डोंगर?' त्याचा बाप इंजिनिअर आहे, त्यालाही सांगता आलं नाही.

काही वर्षांपूर्वी वेकोलि आणि एमटीडीसीनं मिळून सावनेर आणि गोंडेगावला खाण पर्यटन सुरू केलं, ते मोठं काम. त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण ती ठरवून, गट जमवून, गाडी करून जायची सहल झाली. मी म्हणते ते त्याहून साधं आहे. एखाद्या उघड्या खाणीच्या काठावर, रस्त्यापासून जवळ, एक भक्कम ओटा, वर पत्र्याचं छप्पर, समोर मजबूत जाळी. कामावरून येणारा माणूस पोरांना गाडीवर पुढे-मागे बसवून दहा मिनिटं थांबेल, बघेल, निघून जाईल. फोकट. बाजूला पाण्याचा माठ ठेवा, कारण आपलं ऊन आपल्याला माहीत आहे. चहाची टपरी आपोआप येईल, ती आणायला योजना लागत नाही.

हरकती काय येतील ते मला खाणीच्या फायली वाचून पाठ आहे. सुरक्षा. ब्लास्टिंगच्या वेळी पाचशे मीटरच्या आत कोणी नको, हा नियम बरोबरच आहे. मग ओटा पाचशे मीटरच्या बाहेर बांधा, नाहीतर त्या तासाभरात फाटक लावा आणि पाटीवर वेळ लिहा. कोळसाचोर येतील, असं म्हणतील. कोळसाचोर काय ओट्यावरून खाली बघत बसणार आहे? त्याला खाणीचे रस्ते तुमच्या-माझ्याहून चांगले माहीत. माणूस कोण ठेवणार? निवृत्त मायनिंग सरदार, ओव्हरमन यांची जिल्ह्यात वाण नाही. आमच्या मिस्टरांना सकाळी चार तास तिथे बसवा, ते आनंदानं येणाऱ्या-जाणाऱ्याला पकडून शॉवेल आणि डंपरचं गणित सांगतील. निदान घरात तरी सांगणार नाहीत.

एक हरकत मात्र खरी आहे, ती कोणी उघड बोलणार नाही. बघायला लोक आले की प्रश्नही विचारतील. डंपरवर ताडपत्री का नाही? धूळ बसवायला पाण्याचा टँकर का फिरत नाही? कोळसा काढून झाल्यावर हा खड्डा भरणार आहात की असाच पाणी भरून सोडणार? झाडं लावली म्हणता, ती कुठे? विचारू द्या नं. कालगुर्लीतही विचारतात.

आणि एवढा ओटा बांधालच, तर पहिल्या दिवशी खाणीतल्या कामगारांच्या बायकांना, आयांना बोलवा, पुढाऱ्यांना मागाहून. माझ्या ओळखीत अशा किती तरी जणी आहेत, ज्यांनी सगळं आयुष्य पहाटे डबा भरून दिला, भोंगा वाजला की कान टवकारले, अवेळी भोंगा झाला की घशाला कोरड पडली, आणि खाण कशी दिसते हे त्यांना कधी कोणी दाखवलं नाही.

पाटीचं म्हणाल तर तिथे खाणीचा उभा छेद हवा. वरची काळी माती, मग पिवळी, मग सँडस्टोन, शेल, मग कोळशाची सीम म्हणजे थर, बाजूला मीटरची पट्टी आणि सगळी नावं मराठीत. गुळगुळीत संगणकी चित्र नको, त्यात फॉल्ट दिसत नाही. ज्या कोणत्या खाणीचा ओटा ठरेल, तिथल्या सर्व्हे ऑफिसनं बोअरहोलचे आकडे तेवढे द्यावेत. नकाशा मी काढून देते, पैसे नकोत. सीम काळ्या शाईनं भरेन, फॉल्ट लाल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त ट्रेसर,
मानेवाडा, नागपूर

(नाव छापू नये. मिस्टरांच्या मित्रमंडळात उगाच चर्चा.)